नारोशंकराची घंटा आणि चार डायोडचं कडं

गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली पोर्तुगीज घंटा मराठ्यांनी १७३९ साली वसई जिंकली त्यानंतर नाशकात आली. पेटीच्या एका सुरात मूळ कंपनसंख्येची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी पाढ्यातली कंपनं असतात. घंटेतली सगळी कंपनं त्या पाढ्यात बसत नाहीत. मॉड्युलर सिंथेसायझरच्या, म्हणजे सुटी मॉड्यूल तारांनी जोडून वाजवायच्या विजेच्या वाद्याच्या, रिंग मॉड्युलेटर नावाच्या मॉड्यूलमधूनही असाच धातूचा आवाज निघतो. म्हणून ही रिंग घंटेचीच, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

तसं नाही. ही रिंग म्हणजे कडं: सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला करून गोल जोडलेले चार डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि दोन ट्रान्सफॉर्मर. फ्रँक कोवन या अमेरिकी अभियंत्याला या मंडलाचं (सर्किटचं) पेटंट १९३५ साली मिळालं, तेही टेलिफोनसाठी. संगीतवाले मागून आले.

काम दोन लहरींच्या गुणाकाराचं. ४४० आणि १०० हर्ट्झचे सूर आत घाला, बाहेर बेरीज-वजाबाकी येते: ५४० आणि ३४०. आत घातलेले दोन्ही सूर गायब! आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर आवाज वाहून नेणारी मूळ लहर शिल्लक राहते; इथे ती दोन उलट वाटांनी नेऊन स्वतःशीच कटवली जाते. पारडी समान, म्हणून ‘बॅलन्स्ड’. एकच सूर कटला तर सिंगल, दोन्ही कटले तर डबल बॅलन्स्ड. डायोडचं कडं डबलमधलं. पण प्रत्येक बॅलन्स्ड मॉड्युलेटरात कडं असेलच असं नाही. हल्ली ‘रिंग’ लिहिलेल्या कित्येक मॉड्यूलमध्ये गुणाकार करणारी ट्रान्झिस्टरची चिपच असते, आणि त्यावर कुणी तक्रारही करत नाही.

गणित तेच, पण कानाला फरक कळतो. चिपचा गुणाकार बराच स्वच्छ. डायोड मात्र जोरदार सुरावर स्विचसारखे उघडझाप करतात. ४४० च्या सुराने त्यांना चालवलं, तर त्याच्या तिपटीभोवतीचे १२२० आणि १४२० हर्ट्झही उमटतात. शिवाय ट्रान्सफॉर्मरमधून स्थिर व्होल्टेज पलीकडे जात नाही. चिपवाल्या मॉड्यूलच्या एका तोंडाला, म्हणजे इनपुटला (वाटेत स्थिर व्होल्टेज अडवणारा कपॅसिटर नसेल तर) ते दिलं, की तेच मॉड्यूल साधं आवाज कमीजास्त करणारं यंत्र होतं.

मला स्वतःला डायोडचा खरखरीतपणाच आवडतो. डायोड उघडणाऱ्या तोंडाला नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग जोडा, दुसऱ्या तोंडाला पेटीचा मंद सूर. सिलिकॉन डायोडला उघडायला साधारण ०.६ व्होल्ट लागतात. ढोलाचा ठोका कडाडून येतो, पण त्याची घुमत विरत जाणारी शेपूट तेवढ्याखाली उतरली की मध्येच तुटते. चिपमध्ये ती शेवटपर्यंत ऐकू येते.