गोल्टझियसचा निशाणधारी: तांब्यावर कोरलेला सैनिक

डच कोरीवकार हेंड्रिक गोल्टझियसने १५८७ साली नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात तांब्याच्या पत्र्यावर एक निशाणधारी सैनिक कोरला. त्याचं भलंमोठं फुगलेलं निशाण कागदाचा बराचसा भाग अडवून बसलं आहे. सैनिकाचं नाव कुठेही नाही. खाली लॅटिन ओळी आहेत, त्यांचा भावार्थ असा: मी ठाम राहिलो तर फौज टिकते, मी पळालो की तीही पळते.

हा शब्दांचा फुगवटा नव्हता. त्या काळी सैन्याला एकसारखा गणवेश नसायचा. बंदुकीच्या धुरात आपली तुकडी कुठे आहे, हे निशाण बघूनच कळायचं. हार्लेमला तर युद्धाची झळ प्रत्यक्ष बसली होती. सात महिन्यांच्या वेढ्यानंतर १५७३ मध्ये शहर स्पॅनिश फौजेच्या हाती पडलं. गोल्टझियस तिथे आला १५७७ मध्ये, आणि हे चित्र कोरलं तेव्हाही स्पेनशी लढाई चालूच होती.

तांब्यावर कोरून चित्र छापण्याची कला पंधराव्या शतकात जर्मन भाषक मुलखातल्या सोनारांच्या हातून घडली. दागिन्यांवर नक्षी काढणारी पोलादी कोरणी त्यांनी पत्र्यावर चालवली. पत्रा कातडी उशीवर ठेवायचा, कोरणी तळहाताने पुढे रेटायची आणि वळण आलं की पत्राच फिरवायचा. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबातून काढायचा. छाप उलटा उमटतो, त्यामुळे डावं-उजवं आधीच ठरवावं लागतं.

या कामात करडा रंग नसतो. शाई एकच, काळी. छटा हवी तर रेघेतूनच काढायची. कोरणी खोल गेली की खाच रुंद होते आणि रेघ जाड उमटते. हात हलका केला की ती केसासारखी बारीक होते. त्याच्या आधीच्या डच कोरीवकार कॉर्नेलिस कॉर्टने रुळवलेली ही रीत गोल्टझियसने टोकाला नेली. निशाणाच्या घड्या नीट न्याहाळा. एकच रेघ सावलीत जाडावते आणि उजेडात येता येता विरून जाते. माझ्या मते या चित्राचा खरा नायक ते कापडच आहे.

लहानपणी गोल्टझियस विस्तवात पडला होता. उजवा हात भाजून आखडला, पंजा कधीच पुरता उघडला नाही. तरी कोरणी धरली ती त्याच हातात. १५८८ मध्ये त्याने काढलेलं या हाताचं रेखाचित्र हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात आहे. १६०० च्या सुमारास तो तैलचित्रांकडे वळला. कोरीव काम याकोब माथामसारख्या शिष्यांनी पुढे चालवलं.