पाव मिलिमीटरची तटबंदी

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बाहेरच्या रंगकामाचा विषय निघाला की पहिले दोन तास शेड कार्डावर जातात. ए विंगला राखाडी हवा, बी विंगला क्रीम, आणि कुणातरी एकाला वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येकडे फिका निळा. उरलेल्या वेळात वॉरंटी सात वर्षांची की दहा, यावर घासाघीस होते. रंगाचा थर सुकल्यावर किती जाड असणार, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मुंबईत समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या वीस-तीस मजली इमारतीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे. बाहेरच्या साध्या इमल्शनचे दोन हात सुकल्यावर जेमतेम 70-80 मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा तेरावा-चौदावा हिस्सा. ताणले जाणारे, जाड थराचे इलॅस्टोमेरिक रंग नीट लावले तर पाव मिलिमीटरपर्यंत जातात. एवढ्याशा पापुद्र्याने पाऊस, ऊन, खारा वारा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड अडवायचा असतो.

पावसापासून सुरुवात करू. सांताक्रूझला वर्षाकाठी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सरळ खाली पडणारा पाऊस भिंतीला फारसा लागत नाही. तिला झोडपतो तो वाऱ्याने आडवा केलेला. ताशी 72 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला 20 मीटरचा झोत भिंतीवर आदळला की तिथे साधारण 24 मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा दाब येतो. आकडा लहान वाटतो, पण केसाएवढ्या भेगेवर पाण्याची पातळ चादर वाहत असताना तिला आत ढकलायला तो पुरेसा आहे. त्यात वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जमिनीपासून 10 मीटरवर जो वेग असतो, त्याच्या दीडपट वेग 100 मीटरवर धरला तर दाब सव्वादोनपट होतो. वरच्या मजल्यांचे, त्यातही नैऋत्येकडचे कोपरे आधी का ओलावतात, याचं उत्तर या वर्गात आहे. ‘आमच्या चौथ्या मजल्यावर काहीच प्रॉब्लेम नाही’ म्हणणारे सभासद खोटं बोलत नसतात. त्यांची भिंत खरोखरच वेगळ्या हवामानात राहते.

मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती बघा. 1930 आणि 40च्या दशकांतल्या या इमारतींना 2018मध्ये जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली ती मुख्यत्वे देखणेपणासाठी. पण त्यांच्या खिडक्यांवरून भुवयांसारखे जाणारे छज्जे निव्वळ शोभेचे नाहीत. ते खिडकीवर सावली धरतात आणि भिंतीवरून ओघळणारं पाणी मजल्या-मजल्याला बाहेर फेकतात. छज्जाच्या खालच्या कडेला एक बारीक खाच ठेवली, की पाणी तिथून आत वळत नाही, पागोळीसारखं खाली गळतं. आजच्या टॉवरांचा दर्शनी भाग सपाट. वर पडलेलं पाणी वीस मजले भिंतीला धरूनच उतरतं आणि छज्जाचं काम रंगाच्या माथी येतं. माझ्या मते इथेच निम्मी लढाई हरलेली असते, पण बांधून झालेल्या इमारतीला ते सांगून उपयोग नाही.

पाणी शिरतं भेगांतून. आरसीसीची चौकट आणि तिच्यात भरलेली विटांची किंवा ब्लॉकची भिंत ही दोन वेगळ्या स्वभावाची माणसं. ऊन-पावसात दोघं वेगवेगळी फुगतात, आक्रसतात, आणि तुळईच्या खाली जिथे भिंत संपते तिथे आडवी रेघ उमटते. गिलावा करताना त्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकलेली असेल तर रेघ बारीक राहते. काँक्रीटची 30 मीटर लांबी 30 अंशांनी तापली तर सुमारे 9 मिलिमीटरने वाढते. म्हणजे भेग एकदा पडून स्वस्थ बसत नाही, रोज उघडते आणि मिटते.

आता तिच्यावर रंग आहे असं समजा. भेग शून्यावरून 0.2 मिलिमीटर उघडली. तिच्या दोन्ही काठांना रंग घट्ट चिकटलेला आहे, त्यामुळे ताण लांबवर पसरत नाही. ढोबळमानाने रंगाच्या जाडीएवढ्याच अरुंद पट्टीत तो एकवटतो. थर 80 मायक्रॉनचा असेल तर त्या पट्टीला मूळ लांबीच्या साडेतीनपट ताणावं लागेल. थर 250 मायक्रॉनचा असेल तर पावणेदोनपट-दुपटीवर भागतं. साधं इमल्शन इतकं ताणलं जात नाही, तुटतं. इलॅस्टोमेरिक रंगातली ॲक्रिलिकची साखळी मुद्दाम मऊ ठेवलेली असते, म्हणून ती टिकते. पण तीसुद्धा पातळ लावली तर तुटणारच. डब्यावर ‘भेगा झाकतो’ असं लिहिलेलं असतं ते ठरावीक जाडी गृहीत धरून, आणि ती जाडी माहितीपत्रकाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत असते.

मऊपणाचीही किंमत आहे. मऊ पृष्ठभागाला धूळ चिकटते. हायवेलगतच्या इमारती दोन वर्षांत मळकट होतात त्यामागे हेही एक कारण. त्यावर उपाय म्हणून काही रंगांत ऊन लागल्यावर वरच्यावर घट्ट जाळं विणणारे रेणू घालतात. आतला थर लवचीक आणि वरची साय टणक, अशी ती तडजोड.

ओल दिसते तरी. कार्बन डायऑक्साइडचं काम डोळ्याला दिसत नाही. ताज्या काँक्रीटचा सामू 12.5 ते 13, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी असतं. या वातावरणात सळईवर लोखंडाच्या ऑक्साइडचं अतिशय पातळ कवच बसतं आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या छिद्रांतून आत शिरून चुन्याशी संयोग पावतो, कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं आणि सामू 9च्या खाली घसरतो. कवच विरघळतं. पुढे पाणी आणि प्राणवायू मिळाले की गंज सुरू. मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा गंज व्यापतो, ती जागा करण्यासाठी वरचं काँक्रीट फोडतो, आणि एके दिवशी बाल्कनीचा पोपडा खाली पार्किंगमध्ये पडतो.

ही आघाडी किती आत पोचली आहे ते पाहायची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतली आहे. खांबाचा एक टवका काढायचा, धूळ झटकायची आणि ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारायचं. आतला निरोगी भाग क्षणात गडद गुलाबी होतो. बाहेरचा पट्टा जसाच्या तसा, काँक्रीटच्याच रंगाचा राहतो. त्या बिनरंगी पट्ट्यावर पट्टी ठेवून मिलिमीटर मोजायचे. तो सळईपर्यंत पोचला असेल तर नुसतं रंगकाम करणं म्हणजे पैसे पाण्यात. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम 353-ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, तेव्हा ही चाचणी डोळ्यांसमोर करून दाखवायला सांगावं. सभेतल्या कोणत्याही भाषणापेक्षा तो गुलाबी डाग जास्त पटतो.

ही घुसखोरी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे सरकते. पहिले 10 मिलिमीटर जायला 10 वर्षं लागली तर 20 मिलिमीटरला 40 लागतात. म्हणूनच सळईवरचं काँक्रीटचं आवरण इतकं मोलाचं. भारतीय मानक आयएस 456च्या 2000 सालच्या आवृत्तीत समुद्रकिनाऱ्याच्या हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटला 45 मिलिमीटर आवरण सांगितलं आहे. जुन्या इमारतींच्या छज्जांत ते किती सापडतं, हे दुरुस्तीचा कोणताही मिस्त्री सांगेल.

मुंबईचं हवामान या कामी फारच सोयीचं. छिद्रं पाण्याने भरलेली असतील तर वायू आत जात नाही. अगदी कोरडी असतील तर रासायनिक क्रियेला लागणारं पाणी नाही. 50 ते 70 टक्के आर्द्रता तिला सगळ्यात मानवते. म्हणजे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइड वाट मोकळी करतो आणि पावसाळ्यात गंज तिथून आत येतो. त्यात समुद्रावरून येणारं क्लोराइड. ते तर सामू शाबूत असतानाही सळईच्या कवचाला जागोजाग भोकं पाडतं. आधीच आत मुरलेलं क्लोराइड रंगाने बाहेर निघत नाही, फक्त नवी भर थांबते.

मग सगळंच बंद करणारं प्लॅस्टिक का चोपडू नये? कारण घर आतूनही ओलं असतं. न्हाणीघर, स्वयंपाकघर, गळका पाइप, गिलाव्यात राहून गेलेलं पाणी, हे सगळं वाफ होऊन बाहेर निघू पाहतं. वाट मिळाली नाही तर रंगाला फुगे येतात आणि ते फुटून पोपडे सुटतात. रंगाने पाणी अडवावं, वाफ सोडावी आणि कार्बन डायऑक्साइड अडवावा, अशी ही विचित्र मागणी आहे. युरोपच्या ईएन 1504-2 या मानकाने ती आकड्यांत बांधली आहे. कार्बन डायऑक्साइडला रंगाचा पापुद्रा 50 मीटर जाडीच्या स्थिर हवेहून जास्त अडथळा वाटला पाहिजे, आणि पाण्याच्या वाफेला 5 मीटरहून कमी. हे जमतं, कारण पाण्याचा रेणू लहान आणि ध्रुवीय. तो ॲक्रिलिकच्या साखळ्यांत मिसळत, सरकत पलीकडे जातो. कार्बन डायऑक्साइडला ते तितकंसं साधत नाही.

दुसरा रस्ता सिलिकॉनयुक्त रंगांचा. अळवाच्या पानावरून पाणी घरंगळतं ते पानावरच्या मेणाच्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे. सिलिकॉनचे रंग त्याच तत्त्वाच्या जवळ जातात. थरातली छिद्रं उघडी राहतात, पण त्यांच्या भिंतींना पाणी आवडत नाही, त्यामुळे थेंब अडतो आणि वाफ निघून जाते. मात्र हे रंग हलती भेग सांधत नाहीत. त्यामुळे भेगाळलेल्या इमारतीला ते सुचवणाऱ्या विक्रेत्याकडे जरा संशयानेच पाहावं.

आता जाडीचा हिशेब, जो कुणीही कागदावर करू शकतो. 20 मजली इमारतीचा घेर 80 मीटर, उंची 62 मीटर. भिंत झाली सुमारे 5,000 चौरस मीटर. एक लिटर रंग 10 चौरस मीटरवर पसरला तर ओल्या थराची जाडी 100 मायक्रॉन होते, हे साधं भूमितीचं गणित. रंगात घट्ट भाग आकारमानाने 50 टक्के असेल तर सुकल्यावर 50 मायक्रॉन उरतात. सुका थर 250 मायक्रॉनचा हवा असेल तर ओला 500चा लागेल, म्हणजे दर चौरस मीटरला अर्धा लिटर. 5,000 चौरस मीटरला 2,500 लिटर. वीस लिटरचे 125 डबे. सँडफेस गिलावा खडबडीत असल्याने प्रत्यक्ष क्षेत्रफळ जास्त भरतं, शिवाय उंचवट्यांच्या टोकांवर रंग पातळ बसतो, तेव्हा थोडे जास्तच. ठेकेदाराने 70 डबे आणले असतील तर कागदावरची दहा वर्षं कागदावरच राहणार. पाणी जास्त घातलं की डबा लांब पळतो, पण पाणी उडून जातं आणि घट्ट भाग तेवढाच असतो. वॉचमनला रिकामे डबे मोजायला सांगणं आणि ओल्या थरात टेकवून जाडी वाचायची दातेरी पट्टी झुल्यावर देणं, हा खर्च नगण्य आहे. परांची किंवा झुला बांधून माणसं एवढ्या उंचीवर चढवायचा खर्च एकदा केल्यावर रंगात काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

लावतानाची वेळही जाडीइतकीच नडते. इमल्शनमध्ये प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी जाताना ते एकमेकांना भिडतात, दबतात आणि सलग पडदा होतो. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या पश्चिम भिंतीवर पाणी इतक्या झपाट्याने उडतं की कण जुळायच्या आत हालचाल थांबते. जुने पेंटर सावलीच्या मागे-मागे फिरतात ते उगीच नाही. पावसाळ्याआधीची घाई टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम काढावं. भिंत पाण्याच्या झोताने धुऊन, मीठ आणि शेवाळ काढून, वाळू द्यावी. ताज्या गिलाव्याला चार आठवडे मिळावेत, नाहीतर त्यातला अल्क रंगातल्या रंगद्रव्याला फिकं पाडतो. गेरूसारखी लोहाची रंगद्रव्यं तेवढी बेफिकीर असतात.

चारेक वर्षांनी भिंतीवरून बोट फिरवून पाहावं. पांढरा भुगा लागला तर ऊन रंगातलं ॲक्रिलिक खात आहे. गंमत अशी की शुभ्रपणासाठी घातलेलं टायटॅनियम डायऑक्साइड स्वतःच उन्हात हे काम पुढे नेऊ शकतं. म्हणून चांगल्या रंगात त्याच्या कणांवर सिलिका आणि ॲल्युमिनाचं वेष्टण असतं. काळे ओघळ आणि दमट भिंतीवरचा नारिंगी थर ही शैवालांची करणी. त्यांना मारणारं औषध रंगातून हळूहळू पाझरलं तरच काम करतं, त्यामुळे ते कधीतरी संपणारच.

आणि झुला उतरल्याच्या दुसऱ्या आठवड्यात एसीवाला येतो. पाइपसाठी भिंतीला भोक पाडतो, ब्रॅकेटसाठी चार खिळे ठोकतो आणि कडेला थोडं पांढरं सिमेंट थापून जातो. ते सिमेंट पहिल्याच उन्हात आक्रसून सुटतं, आणि पाणी आत शिरायला बोटभर मोकळी वाट मिळते. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं, पाइपभोवती पॉलियुरेथेन सीलंट भरायचा आणि त्यावर तोच रंग दोन हात मारायचा. त्यासाठी शेवटचा एक डबा पंपाच्या खोलीत झाकण घट्ट लावून ठेवून द्यावा.