बूमस्लँग आणि मागच्या दातांबद्दलचा गैरसमज

हरणटोळ, मांजऱ्या हे आपल्याकडचे निमविषारी साप. विषदात जबड्यात मागे, विष सौम्य, माणूस सहसा दगावत नाही. सहाराच्या दक्षिणेकडे आफ्रिकेत झाडांवर राहणाऱ्या बूमस्लँगचेही विषदात मागेच. आफ्रिकान्स भाषेत ‘बूम’ म्हणजे झाड, ‘स्लँग’ म्हणजे साप. प्राणिशास्त्रज्ञ अँड्र्यू स्मिथ यांनी १८२८ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. टपोरे डोळे, भित्रा स्वभाव, खाणं म्हणजे शॅमेलिऑन (रंग बदलणारे सरडे) आणि पक्ष्यांची पिल्लं. मागच्या दातांच्या सापापासून माणसाला फारसा धोका नाही, असं अभ्यासकही बराच काळ धरून चालले होते.

या समजुतीची किंमत कार्ल पॅटरसन श्मिट यांनी मोजली. २५ सप्टेंबर १९५७ रोजी शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातून एक छोटा साप ओळख पटवायला फील्ड म्युझियम या निसर्गविज्ञान संग्रहालयात आला. तो बूमस्लँग होता. ६७ वर्षांचे श्मिट म्हणजे सापांच्या अभ्यासातलं मोठं नाव. साप हातात धरलेला असताना तो त्यांच्या डाव्या अंगठ्याला चावला. मागचा एकच दात रुतला, तोही जेमतेम ३ मिलिमीटर. त्यांनी जखम चोखली आणि शरीरात काय होतंय ते लिहून ठेवायला घेतलं. घरी जाताना लोकलमध्ये मळमळ. मग हुडहुडी, ताप, तोंडातून रक्त. रात्री लघवीतून रक्त. सकाळी ताप उतरलेला होता. टोस्टवर अंडी, कॉफी असा नाश्ता झाला, त्याचीही नोंद आहे. मला त्या टिपणातला हा नाश्ताच सगळ्यात जास्त सलतो. त्याच दुपारी ते गेले.

बूमस्लँगचं विष असंच फसवतं. ते रक्तात बारीक बारीक गुठळ्या करत सुटतं, त्यात रक्त गोठवणारे घटक संपून जातात आणि मग रक्त गोठतच नाही. हे व्हायला कित्येक तास लागतात, तोवर माणूस हिंडता-फिरता असतो. श्मिट यांच्या फुफ्फुसांत, मेंदूतही रक्तस्राव झालेला आढळला.

१९७५ मध्ये जर्मन सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स यांना त्यांनीच पाळलेला, याच गटातला आफ्रिकी ‘ट्विग स्नेक’ चावला. १८ दिवस झुंजून तेही गेले. त्या सापावर प्रतिविष नव्हतंच. बूमस्लँगसाठी मात्र वेगळं प्रतिविष दक्षिण आफ्रिकेत तयार होतं. मांबा (आफ्रिकेतला जहाल विषारी साप) आणि नाग अशा अनेक सापांवर चालणारं तिथलं बहुविध प्रतिविष बूमस्लँगवर चालत नाही. श्मिट यांना साप चावला तेव्हाही बूमस्लँगचं प्रतिविष आफ्रिकेत मिळत होतं, शिकागोत नव्हतं.