सह्याद्री दिल्लीला गेला, पुढे काय?

यशवंतराव चव्हाणांची जयंती असो की पुण्यतिथी, मुंबईतल्या भाषणांत ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य ठरलेलं असतं. १९६२ च्या चीन युद्धात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्याचं हे वर्णन. वाक्य टाळ्यांचं आहे, पण त्यात एक गंमत राहून जाते. मुख्यमंत्रीपद मारोतराव कन्नमवारांकडे सोपवून चव्हाणांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली, आणि त्याच दिवशी चीनची एकतर्फी युद्धबंदी जाहीर झाली. लढाई संपली होती. चव्हाणांच्या वाट्याला आली ती निस्तरानिस्तर. आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेलेले, लष्करप्रमुख थापर गेलेले, आणि पंतप्रधानांचा पत्रव्यवहार मदतीच्या याचनेपर्यंत पोहोचलेला.

ती याचना किती टोकाची होती, हे दोन दिवस आधीच्या पत्रांत दिसतं. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना एकाच दिवसात दोन पत्रं पाठवली. दुसऱ्या पत्रात आवाजापेक्षा वेगवान लढाऊ विमानांच्या किमान बारा तुकड्या, रडार यंत्रणा आणि बी-४७ बाँबफेकी विमानांच्या दोन तुकड्या मागितल्या होत्या. आपली माणसं तयार होईपर्यंत लढाऊ विमानं आणि रडार अमेरिकनांनीच चालवावीत, अशीही विनंती होती. ही सामग्री पाकिस्तानविरुद्ध वापरणार नाही, ही हमीही सोबत होती. अलिप्ततेचा पुरस्कर्ता हे लिहितो म्हणजे दिल्लीत त्या रात्री काय वातावरण असेल! वॉशिंग्टनमधले राजदूत बी. के. नेहरू यांनी ते पत्र आपल्या कचेरीतही कुणाला दाखवलं नाही. १९६५ मध्ये सुधीर घोष यांनी राज्यसभेत या मागणीची वाच्यता केली तेव्हा गदारोळ झाला. पूर्ण मजकूर बाहेर यायला मात्र पुढची काही दशकं लागली.

युद्धानंतर मागण्यांचा सूर बदलला, आणि माझ्या मते चव्हाणांचं खरं काम तिथे आहे. तुमची विमानं तुमच्या माणसांसकट पाठवा, ही भाषा मागे पडली. विमानं विकत द्या, आणि जमेल तिथे इथेच बनवू द्या, अशी बोलणी सुरू झाली. दरम्यान पराभवाची लष्करी चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेमिंद्रसिंग भगत या सेनाधिकाऱ्यांनी केली. प्रशिक्षण, सामग्री, नेतृत्वाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनाधिकाऱ्यांची कुवत, या मुद्द्यांवरचं सार चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत सांगितलं. अहवाल मात्र सभागृहापुढे ठेवला नाही. सरकारने तो आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही, हे मला तरी पटत नाही.

१९६४ मध्ये पंचवार्षिक संरक्षण योजना आली. सव्वाआठ लाखांचं सैन्य, हवाई दलाच्या पंचेचाळीस तुकड्या. त्याच वर्षी मे महिन्यात चव्हाण एफ-१०४ ही लढाऊ विमानं मागायला अमेरिकेत गेले. पाकिस्तानकडे ती आधीच होती. नेहरूंच्या निधनाची बातमी त्यांना तिथेच कळली आणि दौरा अर्धवट टाकून ते परतले. एफ-१०४ मिळाली नाहीत ती नाहीतच. सोव्हिएत रशियाशी मिग लढाऊ विमानांचं बोलणं १९६२ पासून चालू होतं, ते पक्कं झालं. सांगाडे नाशिकजवळ ओझरला, इंजिनं कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी वाटणी ठरली.

ब्रिटनकडून पाणबुड्या हव्या होत्या. त्या काही जमल्या नाहीत आणि १९६५ मध्ये रशियाकडे वळावं लागलं. पण लिअँडर जातीच्या फ्रिगेटी, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, बांधायला ब्रिटनने कर्ज आणि आराखडे दिले, आणि त्या बांधायच्या होत्या मुंबईतल्या माझगाव गोदीत. १९६० मध्येच सरकारने ताब्यात घेतलेल्या या गोदीने एवढी मोठी युद्धनौका तोवर बांधलेली नव्हती. पहिली फ्रिगेट ‘निलगिरी’ ऑक्टोबर १९६८ मध्ये पाण्यात उतरली आणि ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. तोवर चव्हाण गृहखातं सांभाळून अर्थखात्यात गेले होते. गोदीने पुढे तशा आणखी पाच बांधल्या.