वूफर मोठा, बेस लहान

गाडीच्या कंपनीने दिलेला आठ इंची सबवूफर, म्हणजे खालचे घुमणारे स्वर (बेस) वाजवणारा स्पीकर, काढला, त्याच खाचेत महागडा, जाड चुंबकाचा नवा बसवला, पैसे मोजून गाडी बाहेर काढली, आणि बेस वाढायच्या ऐवजी चक्क कमी झाला. इंदूरमध्ये गाडीच्या म्युझिक सिस्टिमवर जीव टाकणाऱ्या मंडळींत बसलात तर ही तक्रार हमखास ऐकायला मिळते. खापर दुकानदाराच्या माथी फुटतं, कारण ‘भिया, काँच हिलेगी’ असं तो छातीठोकपणे सांगून बसलेला असतो. पण माल अस्सल असतो, फिटिंगही नीट असतं. गडबड विजेच्या आणि हवेच्या हिशेबात असते.

आधी वीज. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. कंपनीचा साधा ॲम्प्लिफायर हा दाब वाढवत नाही, आहे तेवढाच स्पीकरला देतो. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. त्यातून ४ ओहमच्या कॉइलमध्ये, म्हणजे स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्यात, फार तर २६ वॉट जाऊ शकतात, २ ओहममध्ये त्याच्या दुप्पट, म्हणजे ५२. म्हणून बऱ्याच कंपन्या मुद्दाम कमी ओहमचा वूफर बसवतात. त्याच्या जागी बाजारातला ४ ओहमचा आणला की पहिल्याच फटक्याला निम्मी ताकद गेली, म्हणजे ३ डेसिबल. वर नव्या वूफरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा पडदा, जड. जास्त ताकद सोसावी म्हणून तो तसा बनवलेला असतो, पण तेवढ्याच वॉटमध्ये तो हलक्या कागदी कोनापेक्षा कमी वाजतो. तिथे आणखी ३ डेसिबल गेले असं धरलं, तर पूर्वीइतका आवाज काढायलाच चौपट वॉट लागतील. ते आणायचे कुठून? खोक्यावर ‘१२०० वॉट’ छापलेलं असतं, पण वूफर वॉट तयार करत नाही. तो फक्त सोसतो. खरेदी करताना आरएमएसचा, म्हणजे सतत सोसता येणाऱ्या वॉटचा, आकडा विचारावा, बाकीचे आकडे वाचून सोडून द्यावेत.

उलटी चूक जास्त महागात पडते. ४ ओहमच्या जागी दोन कॉइलवाला वूफर समांतर जोडून १ ओहम केला, तर तो जुना ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो, कधी कायमचा.

आता हवा. वूफरचा कोन पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो. दोन्ही लाटा एकत्र आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून मागे बंद डबा लागतो. पण डब्यात कोंडलेली हवा म्हणजे स्प्रिंगच. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा रेटून पाहा: पंप जेवढा आखूड, तेवढा दांडा लवकर अडतो. डब्याचंही तसंच. १९५४ साली एडगर विल्चर यांनी याच बंद हवेच्या स्प्रिंगवर चालणारा छोटा स्पीकर बाजारात आणला. पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी कोणत्या वूफरला किती डबा हवा याचं गणित बसवून दिलं. वूफरच्या कागदावर एफएस, व्हीएएस, क्यूटीएस अशी जी अक्षरं दिसतात ती त्यांचीच देणगी.

समजा, एका दहा इंची वूफरची स्वतःची कंपनसंख्या (एफएस), म्हणजे डब्याबाहेर मोकळा असताना तो ज्या गतीने आपसूक थरथरतो ती, ३० हर्ट्झ आहे आणि व्हीएएस, म्हणजे त्याच्या कोनाइतकीच लवचीक स्प्रिंग होणाऱ्या हवेचं माप, ४५ लिटर. त्याला ३० लिटरचा डबा दिला तर वूफर आणि डबा या जोडीची कंपनसंख्या ४७ हर्ट्झवर जाते. डिक्कीच्या कडेच्या प्लास्टिकमागे मोकळी जागा १२ लिटरच असेल, तर ती थेट ६५वर चढते. त्याखालचा बेस झपाट्याने उतरतो आणि ६५च्या आसपास एक टेकाड उभं राहतं. प्रत्येक गाण्यात एकच ‘ढब ढब’ ऐकू येते ती इथून. त्या खाचेसाठी कंपनीने निवडलेला वूफर दिसायला गरीब असला तरी त्या जागेच्या मापाचा असतो.

शिवाय कंपनीच्या ॲम्प्लिफायरमध्ये आवाजाची कापणी-शिवणी आधीच करून ठेवलेली असते. आवाज लहान असताना बेस उचलायचा, मोठा झाला की जुना कोन फाटू नये म्हणून खालचे स्वर छाटायचे. नवा पैलवान आला तरी त्याला पथ्य जुन्याच माणसाचं मिळतं.

मग गाडीत बेस येतो तरी कसा? गाडीचा लहानपणाच इथे कामी येतो. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास, आणि केबिन जेमतेम तीन मीटरची. लाट मावतच नाही, त्यामुळे आतली सगळी हवा एकदम दाबली जाते, एकदम सैल होते. साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली स्वर जसा उतरतो तसा हा फायदा वाढत जातो, आदर्श स्थितीत दर सप्तकाला, म्हणजे कंपनसंख्या निम्मी झाली की, १२ डेसिबल. गंमत म्हणजे बंद डब्यातला वूफर आपल्या कंपनसंख्येखाली दर सप्तकाला १२ डेसिबलनेच ढासळतो. एकाची घट दुसऱ्याच्या वाढीत बरीचशी भरून निघते. घरात फिका वाटणारा छोटा बंद डबा गाडीत भरदार वाजतो तो यामुळे. खात्री करायची असेल तर गाणं चालू ठेवून चारही काचा खाली करा. दाब निसटतो, सगळ्यात खालचे स्वर आधी जातात.

कानाचाही दोष आहेच. १,००० हर्ट्झचा स्वर दोन-तीन डेसिबलला ऐकू येऊ लागतो, ४० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ५० डेसिबल लागतात. त्यात चाकांची घरघर नेमकी खालच्या स्वरांवर बसते. दुकानासमोर उभ्या गाडीत जो बेस छाती हलवतो तो देवास रस्त्यावर ऐंशीच्या वेगात निम्मा वाटला, तर त्यात नवल नाही.

माझं मत विचाराल तर आधी काय ऐकता ते ठरवा. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, इलेक्ट्रॉनिक गाणी त्याच्याही खाली उतरतात. तिथे वेगळा ॲम्प्लिफायर आणि मापाचा डबा यांना पर्याय नाही. पण अमीर खाँसाहेबांचा विलंबित किंवा कुमार गंधर्व लावून बसणारे आमचे काका-मामा असतील, तर काळी एक पट्टीतल्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालची तार, ६९ हर्ट्झवर येतो. त्याखाली फारसं काही नसतंच. त्यांनी वूफरला हात न लावता आधी दारांना डॅम्पिंगची, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारी, मॅट चिकटवावी, नंबर प्लेट आणि डिक्कीची खडखड घालवावी. फरक तेवढ्यानेही कळतो.

वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचा ठरलाच, तर ५०० वॉटसाठी ४५ अँपिअरच्या घरात वीज लागते. म्हणजे बॅटरीपासून स्वतंत्र जाड तांब्याची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, आणि पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबर. फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ लावला तर मधली अख्खी वायर उघडी राहते, ती कुठे घासली गेली की आग लागू शकते. काही नव्या गाड्यांत ॲम्प्लिफायरकडे जाणारा सिग्नल डिजिटल असतो, साधी जोडणी तिथे चालत नाही, तेव्हा कामाला हात घालण्याआधी हे तपासून घ्या. कंपनीचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, कापू देऊ नका, मॉडेलप्रमाणे मिळणारा जोड-कपलर मागा. काढलेला वूफर त्याच्या स्क्रूंसकट जपून ठेवा, गाडी विकताना तो परत बसवता येतो.