वायफायचा पासवर्ड पक्का आहे, तरी राउटरमध्ये शिरकाव कसा होतो?

आमच्याकडून इंटरनेट जोडणी घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

राउटरच्या सुरक्षेचा विषय काढला की बहुतेक ग्राहकांचे उत्तर ठरलेले असते: "आमचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही." चांगली गोष्ट आहे. त्यामुळे शेजारपाजारचे तुमचे वायफाय फुकट वापरत नाहीत. पण राउटरमध्ये एक असाही दोष निघतो, ज्यात आत शिरणाऱ्याला वायफायचा पासवर्ड लागतच नाही. त्याला कमांड इंजेक्शन, म्हणजे हुकूम घुसवणे, म्हणतात. जगभरात घरगुती राउटर मोठ्या संख्येने परक्यांच्या ताब्यात गेले, ते बऱ्याचदा याच वाटेने.

आत काय होते

राउटर हा एक छोटा संगणक आहे. बहुतेक घरगुती राउटरवर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते, आणि कंपनीने आत भरून दिलेल्या सगळ्या प्रणालीला मिळून फर्मवेअर म्हणतात. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकल्यावर उघडणारे सेटिंगचे पानही त्याचाच भाग. या पानांमध्ये बहुधा पिंग तपासणीची सोय असते. चौकटीत एखादा पत्ता लिहायचा, बटण दाबायचे आणि तिकडून उत्तर येते का ते पाहायचे. "नेट चालत नाही" अशी तक्रार आली की आमचा माणूस घरी येऊन आधी हेच करतो.

आता पडद्यामागे पाहा. फर्मवेअर लिहिणाऱ्याने बऱ्याचदा सोपा रस्ता धरलेला असतो. "पिंग" या हुकमापुढे तुम्ही लिहिलेला पत्ता जसाच्या तसा चिकटवायचा आणि तयार झालेली ओळ लिनक्सच्या शेलकडे, म्हणजे हुकूम वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, द्यायची. शेल ओळ वाचतो आणि अमलात आणतो. त्याच्या लेखी अर्धविराम (;) आला की एक हुकूम संपला आणि दुसरा सुरू झाला. म्हणून कोणी त्या चौकटीत पत्ता, मग अर्धविराम आणि पुढे "अमुक ठिकाणाहून ही फाइल उतरवून चालव" अशा अर्थाचा हुकूम लिहिला, तर राउटर आधी पिंग करतो आणि मग तेही काम इमानाने उरकतो. किराणा दुकानातला पोऱ्या गिऱ्हाइकाची यादी वाचून सामान काढतो, पण यादीच्या शेवटी "गल्ल्यातले पैसेही याच्याकडे दे" असे लिहिलेले दिसले तर तो थबकेल, मालकाकडे बघेल. राउटर थबकत नाही.

चौकटीत आलेला मजकूर खरोखर पत्ताच आहे का, एवढे आधी तपासले असते तर हा दोष राहिला नसता. त्यात भर म्हणजे घरगुती राउटरमध्ये सेटिंगचे पान बऱ्याचदा रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यानेच चालते. घुसवलेल्या हुकमालाही तेच अधिकार मिळतात. आमच्या मते हा निव्वळ आळशीपणा आहे, आणि महागड्या राउटरमध्येही तो सापडलेला आहे.

कुठे कुठे घडले

२०१८ मध्ये दासान या दक्षिण कोरियन कंपनीच्या फायबर राउटरमध्ये दोन दोष एकत्र सापडले. सेटिंगच्या पत्त्याला एक ठरावीक शेपूट जोडले की लॉगिनचे पान वगळले जायचे, आणि आत गेल्यावर पिंगच्या चौकटीतून हुकूम घालता यायचा. ही माहिती जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत बॉटनेटवाल्यांनी, म्हणजे ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज चालवणाऱ्यांनी, ती वापरायला सुरुवात केली.

टीपी-लिंकचा आर्चर एएक्स२१ हा लोकप्रिय राउटर. त्यात दोष होता देश निवडण्याच्या रकान्यात. लॉगिन न करता तिथे हुकूम पाठवता यायचा. तीच विनंती दोनदा पाठवावी लागे, पहिल्यांदा मजकूर साठायचा आणि दुसऱ्यांदा तो चालायचा. डिसेंबर २०२२ मध्ये टोरंटोच्या पॉनटूओन या हॅकिंग स्पर्धेत संशोधकांनी हा दोष वापरून दाखवला, मार्च २०२३ मध्ये कंपनीने सुधारित फर्मवेअर दिले आणि एप्रिलमध्ये मिराई नावाचे बॉटनेट तोच दोष वापरून राउटर गोळा करताना दिसले. म्हणजे औषध बाजारात आल्यावर साथ आली, आणि ज्यांनी ते घेतले नव्हते ते सापडले. तुमच्याकडे हा राउटर असेल तर फर्मवेअर १.१.४ बिल्ड २०२३०२१९ किंवा त्यानंतरचे आहे ना, ते आजच पाहा.

डिसेंबर २०१६ मध्ये नेटगिअरच्या आर७००० आणि आणखी काही मॉडेलमधला दोष उघड झाला. इथे राउटरच्या पत्त्यापुढे अर्धविराम देऊन लिहिलेला हुकूम थेट चालायचा. घरातल्या कोणी फसवे संकेतस्थळ उघडले, तरी त्या पानातून ब्राउझरच राउटरला असा पत्ता पाठवू शकत होता. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सर्ट या सायबर सुरक्षा समन्वय केंद्राने तेव्हा दुरुस्ती येईपर्यंत हे राउटर वापरणे थांबवण्याचा विचार करा, असा सल्ला दिला होता.

चौथी घटना आमच्यासारख्या इंटरनेट पुरवणाऱ्यांनी पाठ करून ठेवावी अशी आहे. पुरवठादाराला ग्राहकाचा राउटर लांबून सेट करता यावा म्हणून ७५४७ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे राउटरचा एक दरवाजा, वापरतात. आयर्लंडच्या एअर कंपनीने ग्राहकांना दिलेल्या एका मोडेममध्ये हे पोर्ट सगळ्या जगाला उघडे होते आणि मोडेमचे घड्याळ जुळवणाऱ्या सर्व्हरचे नाव लिहिण्याच्या जागी हुकूम घालता येत होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये ही माहिती जाहीर झाली आणि महिनाअखेरीस मिराईच्या एका अवताराने इंटरनेटभर हे पोर्ट ठोठवायला सुरुवात केली. जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे इंटरनेट कोलमडले. गंमत अशी की त्यांच्या राउटरमध्ये लिनक्स नव्हतेच, त्यामुळे घुसवलेला हुकूम तिथे चालला नाही. नुसत्या माऱ्यानेच ते गळपटले. आमच्या जाळ्यात हे पोर्ट फक्त आमच्या सर्व्हरलाच उघडे असते.

आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, बंद पाडले होते. ते मात्र कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदलल्यामुळे.

राउटर ताब्यात गेला तर

बहुतेक वेळा तुम्हाला काहीच कळत नाही, हीच अडचण. नेट चालू असते, मालिका दिसत असते. तुमचा राउटर मात्र दुसऱ्या कोणाच्या संकेतस्थळावर मारा करत असतो, किंवा कोणीतरी तुमच्या पत्त्याआड लपून आपले उद्योग करत असतो. असे झाले तर विचारपूस आधी तुमच्याकडे येते. डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचे ठिकाण शोधणाऱ्या सेवेची, सेटिंग बदलली गेली तर बँकेचा बरोबर पत्ता टाकूनही भलतेच पान समोर येऊ शकते. अशा वेळी प्रमाणपत्राबद्दल ब्राउझरने दिलेला इशारा "पुढे जा" म्हणून उडवून लावू नका.

राउटर बंद करून चालू करणे हा आपला आवडता उपाय. मिराईसारखे मालवेअर नुसते मेमरीत बसलेले असते, त्यामुळे ते खरोखर निघूनही जाते. पण भोक तसेच असते आणि शोधणारी यंत्रे दिवसरात्र फिरत असतात, त्यामुळे लागण पुन्हा होते.

मग करायचे काय

पहिले आणि मुख्य काम फर्मवेअर अद्ययावत करणे. आम्ही बसवलेल्या ओएनयू (फायबरची तार जोडलेली पेटी) आणि राउटरचे अपडेट आम्हीच करतो, त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि तुम्ही हात लावू नये हेच बरे. तुम्ही बाहेरून आणलेल्या राउटरचे अपडेट तुम्हाला करावे लागेल. सेटिंगमध्ये आपोआप अपडेट होण्याची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या, आणि खालच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती जुळवून घ्या. एकाच नावाच्या राउटरच्या व्ही२ आणि व्ही३ या आवृत्त्यांना वेगवेगळी फाइल लागते. चुकीची फाइल टाकली की राउटरची वीट होते, म्हणजे तो निकामी होतो. लाइट जाण्याच्या वेळा सांभाळा. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तरी तेच होते, म्हणून पावसापाण्याच्या दिवसांत इन्व्हर्टरवर जोडूनच करा.

रिमोट मॅनेजमेंट ही सेटिंग बंद ठेवा. घरातल्या राउटरचे पान जगाला दिसायचे काही कारण नाही. यूपीएनपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणारी सोय, हीही बंद करा. मुलांच्या ऑनलाइन खेळात थोडी कुरकुर होईल, ती झाली तर आम्हाला विचारा, दुसरा मार्ग काढून देऊ. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून वेगळा आणि तुम्ही स्वतः ठरवलेला हवा. कमांड इंजेक्शनचे सगळेच दोष लॉगिनशिवाय चालत नाहीत. ज्यांना लॉगिन लागते तिथे हाच पासवर्ड आड येतो, आणि "ॲडमिन-ॲडमिन" ठेवले असेल तर काहीच आड येत नाही.

कंपनीने ज्या मॉडेलसाठी अपडेट देणे थांबवले आहे, तो राउटर बदला. हे सांगितले की "चांगला चालतोय की" असे ऐकायला मिळते. चालतोच. पण त्यात उद्या सापडणाऱ्या दोषाला दुरुस्ती येणार नाही. नवा आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही. कुठूनही घ्या, पण त्या मॉडेलला अपडेट किती वर्षे मिळणार हे दुकानदाराला विचारा. रेंज किती, अँटेना किती हे सगळे विचारतात, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

आणखी एक. "तुमचा राउटर हॅक झालाय, हे ॲप टाका, ओटीपी सांगा" असा फोन आम्ही कधीही करत नाही. आला तर ठेवून द्या आणि बिलावरच्या क्रमांकावर आम्हाला कळवा.

तुमचे मॉडेल जुने झाले आहे का हे कळत नसेल, तर राउटरच्या खालच्या लेबलचा फोटो बिलावरच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवा. मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती एवढेच आम्हाला दिसायला हवे. त्याच लेबलवर वायफायचा पासवर्डही छापलेला असतो. फोटो काढताना ती ओळ बोटाने झाका.