हॅमरस्मिथ ओडियन, २४ डिसेंबर १९७५: चाळीस वर्षं अडकलेला आवाज

ब्रिटिश रॉक बँड क्वीनचा ‘अ नाइट ॲट द ओडियन’ हा अल्बम २० नोव्हेंबर २०१५ रोजी बाजारात आला. तेव्हा अनेक ठिकाणी ‘हरवलेली मैफल सापडली’ अशा थाटात लिहिलं गेलं. खरं तर ही मैफल कधीच हरवली नव्हती. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधून ती १९७५ च्या नाताळच्या आदल्या रात्री बीबीसी २ वर ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या संगीताच्या कार्यक्रमात थेट दाखवली गेली आणि त्याच वेळी रेडिओ १ वर ऐकवली गेली. नंतरच्या काळात क्वीनच्या ज्या मैफलींच्या चोरट्या प्रती सर्वाधिक फिरल्या, त्यांत ही अग्रभागी होती. मिळत नव्हत्या त्या मूळ मल्टिट्रॅक फिती, म्हणजे प्रत्येक वाद्य आणि आवाज स्वतंत्र पट्ट्यांवर नोंदलेलं ध्वनिमुद्रण. त्या खूप नंतर हाती लागल्या.

आधी त्या रात्रीचं निमित्त पाहू. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ३१ ऑक्टोबरला आलं होतं आणि ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा अल्बम नोव्हेंबरमध्ये. गाणं ब्रिटनच्या यादीत सलग नऊ आठवडे अव्वल राहिलं, नाताळचा आठवडा त्यातच आला. बँड याच सभागृहात २९ नोव्हेंबर ते २ डिसेंबर अशा चार रात्री वाजवून गेला होता. २४ तारखेला तो परतला तो या प्रक्षेपणासाठी. निवेदनाला बॉब हॅरिस होता.

गाण्यांची निवड मात्र विचित्र होती. नवा अल्बम महिन्याभराचा, सगळा देश टीव्हीसमोर, आणि त्या अल्बममधलं वाजवलं काय, तर फक्त ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आणि शेवटी फितीवरून ‘गॉड सेव्ह द क्वीन’. बाकी सगळा भर ‘ओगर बॅटल’, ‘लायर’, ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’ अशा आधीच्या गाण्यांवर. आज कुठलीही कंपनी हे होऊ देणार नाही. पण वर्षानुवर्षं हातात बसलेली गाणी थेट प्रक्षेपणात दगा देत नाहीत, हेही खरं.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची अडचण वेगळी होती. मधला ऑपेरा स्टुडिओत आवाजांचे थरावर थर चढवून बांधलेला. चार जणांनी तो मंचावर उभा करणं अशक्य. म्हणून त्या रात्री सुरुवातीचा संथ भाग पियानोवर गाऊन क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी थेट ‘किलर क्वीन’मध्ये शिरतो, तिथून ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ला स्पर्श करतो आणि मूळ गाण्याच्या शेवटावर येऊन थांबतो. नंतरच्या दौऱ्यांत ऑपेऱ्याचा भाग फितीवरून लावण्याची पद्धत पडली. इथली जोडणी आमच्या मते जास्त प्रामाणिक आहे. मर्क्युरीचं मूळ नाव फारोख बलसारा. हा पारशी मुलगा पियानो शिकला तो साताऱ्याजवळच्या पाचगणीला, सेंट पीटर्सच्या वसतिगृहात असताना. ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँडही तिथलाच.

आता आवाजाकडे. तेव्हाचा ब्रिटिश टीव्ही मोनो होता, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेनं येई. रेडिओ १ मीडियम वेव्हवर चाले, तोही मोनो. त्याची स्वतःची एफएम वारंवारता नव्हती. स्टिरिओ ऐकवायचं तर रेडिओ २ ची वारंवारता उसनी घ्यावी लागे. म्हणून अशा जोडप्रक्षेपणाला लोक टीव्हीचा आवाज बंद करत, हाय-फायचे स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना मांडत आणि रेडिओ लावत. चित्र एका वाटेनं घरात येई, आवाज दुसऱ्या.

याचा फरक कुठे पडतो ते ‘ब्रायटन रॉक’च्या सोलोत ऐकावं. गिटारवादक ब्रायन मे दोन एकोप्लेक्स वापरत असे. एकोप्लेक्स म्हणजे फितीच्या फेऱ्यावर सूर नोंदून तो थोड्या उशिरानं परत वाजवणारं यंत्र. पहिल्या यंत्राचा पडसाद एका ॲम्प्लिफायरला, दुसऱ्याचा त्याहून उशिराचा दुसऱ्या ॲम्प्लिफायरला आणि थेट सूर तिसऱ्याला. मे एक ओळ वाजवतो, पडसाद परतताच त्याच्यावर दुसरी रचतो, मग तिसरी. एकच माणूस तीन गिटारींचा संवाद उभा करतो. स्टिरिओत हे तिन्ही सूर वेगवेगळ्या जागी बसतात. मोनोत ते एकमेकांवर चढतात आणि बराचसा गुंता नुसता गोंगाट वाटतो. टीव्हीच्या प्रती पाहून ज्यांनी हा सोलो लांबण लावणारा ठरवला, त्यांचा फारसा दोष नाही.

चोरट्या प्रती बहुतेक रेडिओवरून कॅसेटवर घेतलेल्या. कॅसेटवरून कॅसेट करताना दर पिढीला खरखर वाढते, वरचे स्वर, म्हणजे झांजांची धार, आधी जातात. वेगही बिघडतो. यंत्र एक टक्का वेगानं फिरलं तर सूर अर्धस्वराच्या साधारण सहाव्या हिश्शानं चढतो. एकदा ते चालतं, पण तीन-चार यंत्रांच्या चुका एकाच दिशेला साचल्या की गाणं पट्टीतून सरकलेलं कानाला कळतं. शिवाय मूळ मिक्स, म्हणजे सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करून केलेली जुळणी, थेट प्रक्षेपणासाठी जागीच केलेलं. एखाद्या माइकची पातळी उशिरा उचलली गेली तर ती चूक कायमची राहते, कारण त्या मिक्समध्ये सगळं एकत्र मिसळलेलं असतं. अधिकृत अल्बम काढायचा तर यातून सुटका मल्टिट्रॅकशिवाय नव्हती.

फिती सापडल्या म्हणजे काम संपलं असंही नाही. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगानं ७६२ मीटरचं रीळ ३३ मिनिटांत संपतं, म्हणजे तासाभराच्या मैफलीत रीळ बदलावं लागतंच. १९७० च्या दशकातल्या काही प्रकारच्या फितींचा चिकटवणारा थर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. अशी फीत सरळ चालवली तर यंत्राच्या हेडवर ऑक्साइड खरवडून निघतं आणि नोंद कायमची जाते. ती आधी सुमारे ५५ अंश सेल्सियसला काही तास मंद तापवतात, मग लगेच डिजिटलवर उतरवून घेतात. काही आठवड्यांनी चिकटपणा परततो, म्हणून दुसऱ्या संधीच्या भरवशावर राहता येत नाही.

खरी कसोटी आवाज चित्राशी जुळवताना लागते. दोन वेगळ्या यंत्रांवरच्या फिती, वेगात नुसता ०.१ टक्का फरक असला तरी ४० सेकंदांत एका फ्रेमनं, म्हणजे ४० मिलिसेकंदांनी फाकतात, तासाभरात ३.६ सेकंदांनी. आवाज ओठांच्या पुढे गेला तर साधारण ४५ मिलिसेकंदांतच खटकतो. मागे राहिला तर सव्वाशेपर्यंत फारसं कळत नाही, कारण दूरचा आवाज उशिरा येण्याची आपल्याला सवय असते. अशा वेळी चित्रफितीवरचा मोनो आवाज वाटाड्या म्हणून घेतात, त्यातला स्नेअर ड्रमचा ठोका मल्टिट्रॅकमधल्या त्याच ठोक्यावर बसवतात आणि प्रत्येक गाण्याला पुन्हा तपासतात. सुरुवातीला एकदा जुळवून सोडून दिलं की शेवटी ड्रमवादक रॉजर टेलरची काठी एकीकडे आणि ठोका दुसरीकडे.

चित्राला मात्र मर्यादा आहे. ते ६२५ रेषांच्या पाल या टीव्ही पद्धतीनं व्हिडिओवर घेतलेलं, त्यांतल्या दिसणाऱ्या रेषा ५७६. कॅमेऱ्यांतल्या नळ्यांमुळे प्रखर दिवे हलले की मागे रेघ ओढली जाते, तीही नोंदीतच आहे. १९८१ ची मॉन्ट्रियलची मैफल ३५ मिमी फिल्मवर आहे, म्हणून ती हाय डेफिनिशनमध्ये नव्यानं उजळली; इथे वाढवायला तपशीलच नाही. प्रकाशकांनी ब्लू-रेवर ‘एसडी’, म्हणजे साध्या दर्जाचं चित्र, असं स्पष्ट छापलं, ते योग्यच केलं. त्या तबकडीचा फायदा आवाजात आहे, चित्रात शोधू नये.

घेताना एक पाहावं. ‘सेव्हन सीज ऑफ राय’ आणि ‘सी व्हॉट अ फूल आय हॅव बीन’ ही शेवटची दोन गाणी सीडीवर आहेत, चित्राच्या तबकड्यांवर नाहीत. डीव्हीडी आणि ब्लू-रेवर ‘जेलहाउस रॉक’ आणि इतर गाण्यांच्या मिश्रणानंतर थेट ‘गॉड सेव्ह द क्वीन’ येतं. मैफल पूर्ण ऐकायची असेल तर नुसती डीव्हीडी पुरणार नाही.